दुभत्या गाईंवरील उष्णतेचा ताण

गाईच्या शरीरात निर्माण होणारी आणि बाहेरून मिळणारी एकूण उष्णता ही तिला शरीराबाहेर टाकता येणाऱ्या उष्णतेपेक्षा अधिक होते, तेव्हा गाय उष्णतेच्या ताणाखाली आहे असे म्हणतात. धाप लागणे, लाळ गळणे, रवंथ मंदावणे, चारा कमी खाणे आणि दूध घटणे ही त्याची ठळक लक्षणे होत. उष्माघात ही याच ताणाची टोकाची अवस्था असली, तरी आर्थिक हानी प्रामुख्याने त्याआधीच्या, दीर्घकाळ चालणाऱ्या ताणामुळे होते. विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः घाटंजीसारख्या कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात, शेतीला जोडधंदा म्हणून दुधाचा पुरस्कार गेली अनेक वर्षे होत आहे. तेथे हा प्रश्न पशुवैद्यकापुरता मर्यादित राहत नाही; तो शेतकरी कुटुंबाच्या उत्पन्नाचा प्रश्न ठरतो.

== ताणाचे मोजमाप ==

केवळ तापमानावरून ताणाचा अंदाज येत नाही. त्यासाठी तापमान-आर्द्रता निर्देशांक वापरतात. थॉम यांनी १९५९ मध्ये माणसाची अस्वस्थता मोजण्यासाठी मांडलेली ही कल्पना पुढे पशुपालनात रूढ झाली. दुभत्या गाईंसाठी ७२ ही मर्यादा दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. अधिक दूध देणाऱ्या गाईंसाठी ती ६८ धरावी, असे नंतरच्या संशोधनातून पुढे आले.

प्रचलित सूत्रानुसार ४२ अंश सेल्सिअस तापमान आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या मे महिन्यातील दुपारी निर्देशांक सुमारे ८६ येतो. जुलैमध्ये तापमान ३० अंशांवर उतरले, परंतु आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली, तर तो सुमारे ८४ राहतो. म्हणजे मृग बरसल्यावर माणसाला गारवा वाटू लागला, तरी गाईचा उन्हाळा संपलेला नसतो. उन्हाळ्यातील २८ अंशांच्या रात्रीही, आर्द्रता ३५ टक्के असल्यास, निर्देशांक ७४ च्या आसपास असतो. दिवसभर साठलेली उष्णता रात्री बाहेर टाकण्याची संधी त्यामुळे हुकते. अनेक दिवस चालणाऱ्या उष्णतेच्या लाटेत दूध दिवसेंदिवस अधिक घटत जाते, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

== कोठीपोटातील सूक्ष्मजीव ==

गाय चारा खाते, परंतु त्यातील तंतुमय भाग पचवण्याचे काम तिच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव करतात. जिवाणू, आर्किया, आदिजीव आणि कवक यांची तेथे दाट वस्ती असते. एका मिलिलिटर द्रवात केवळ जिवाणूंचीच संख्या अब्जावधींच्या घरात जाते. ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही वाष्पशील मेदाम्ले हे सूक्ष्मजीव तयार करतात आणि गाईच्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग त्यांतून मिळतो. कोठीपोटाचे तापमान सुमारे ३९ अंश आणि सामू साधारणतः ६ ते ७ यांदरम्यान राहिला, तर ही व्यवस्था सुरळीत चालते.

उष्णतेच्या ताणात हा समतोल अनेक मार्गांनी ढळतो. धाप लागलेली गाय श्वासावाटे अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. रक्त अल्कधर्मी होऊ लागते आणि ते सावरण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट शरीराबाहेर टाकतात. हेच बायकार्बोनेट एरवी लाळेतून कोठीपोटात उतरून तेथील आम्लता आवरते. त्यातच लाळ तोंडातून गळून वाया जाते आणि रवंथ मंदावल्याने नवी लाळही कमी तयार होते. परिणामी रक्त अल्कधर्मी आणि कोठीपोट मात्र आम्लधर्मी, अशी विरोधी स्थिती निर्माण होते.

सामू ६ च्या खाली गेल्यास तंतुमय पदार्थ पचवणाऱ्या फायब्रोबॅक्टर आणि रुमिनोकॉकस या जिवाणूंचे कार्य मंदावते. आम्लता सहन करणारे व लॅक्टिक आम्ल तयार करणारे स्ट्रेप्टोकॉकससारखे जिवाणू अशा वेळी वरचढ ठरतात. जपानमध्ये होल्स्टीन कालवडींवर उयेनो व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तापमान वाढवले असता फायब्रोबॅक्टरचे प्रमाण घटल्याचे व स्ट्रेप्टोकॉकसचे वाढल्याचे आढळले.

== चयापचयातील बदल ==

‘उन्हात गाय कमी खाते, म्हणून दूध कमी देते’ हा सर्वसाधारण समज अपुरा आहे. अमेरिकेतील अरिझोना विद्यापीठातील ऱ्होड्स, बॉमगार्ड व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाईंचे दोन गट केले होते. एक गट उष्ण वातावरणात ठेवला. दुसऱ्याला थंड वातावरणात ठेवून पहिला गट खाई तेवढाच आहार दिला. दोन्ही गटांचे दूध घटले, परंतु उष्णतेतील गाईंचे कितीतरी अधिक घटले. कमी आहारामुळे दूधघटीच्या साधारण एक-तृतीयांश भागाचाच उलगडा झाला. पुढील प्रयोगांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत आढळले, तरी उरलेल्या घटीचे कारण आहाराबाहेर शोधणे भागच होते.

उपाशी गाय सामान्यतः अंगावरील चरबी वितळवून ऊर्जा मिळवते आणि ग्लुकोज दुधासाठी राखून ठेवते. उष्णतेच्या ताणाखालील गाईत असे घडत नाही. तिच्या रक्तातील इन्सुलिन वाढते, चरबी पुरेशी वितळत नाही आणि शरीर ग्लुकोजच खर्च करू लागते. दुधातील लॅक्टोज ही शर्करा ग्लुकोजपासून बनते आणि लॅक्टोजच पाणी ओढून घेऊन दुधाचे आकारमान ठरवते. ग्लुकोज अन्यत्र वळले की दूध आटते.

हे ग्लुकोज कोठे जाते, याचे एक प्रमुख स्पष्टीकरण आतड्यांशी निगडित आहे. शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवले जाते. आतड्यांना रक्त व प्राणवायू कमी पडतो आणि त्यांच्या अस्तराची अभेद्यता कमी होते. जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हे विषद्रव्य त्यातून रक्तात शिरते. रोगप्रतिकारक पेशी त्याविरुद्ध उभ्या ठाकतात आणि त्यांचे मुख्य इंधन ग्लुकोज असते. प्रयोगात अशी विषद्रव्ये टोचलेल्या गाईंच्या प्रतिकारशक्तीने बारा तासांत एक किलोहून अधिक ग्लुकोज वापरल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदवले आहे.

== दुधाची प्रत आणि दर ==

महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ठरवताना ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ हा आधार धरला जातो. त्यापेक्षा प्रत कमी असल्यास दरात कपात होते. दुधातील स्निग्धांश तयार होण्यासाठी ॲसेटिक आम्ल लागते आणि ते मुख्यतः तंतुमय चाऱ्याच्या पचनातून मिळते. कोठीपोट आम्लधर्मी झाले की फॅट घटते. प्रथिनेही कमी झाल्याने एसएनएफ उतरते. शेतकऱ्याचे नुकसान त्यामुळे दुहेरी होते: लिटर कमी आणि प्रत्येक लिटरचा दरही कमी. पाण्याचा थेंबही न मिसळलेल्या दुधाबद्दल त्याच्याकडे संशयाने पाहिले जाण्याची शक्यता असते, ती वेगळीच.

== घाटंजी परिसर आणि शासकीय धोरण ==

घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण वाघाडी नदीकाठी वसले आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही परिसरातील मुख्य पिके आहेत. ज्वारीचे क्षेत्र आक्रसल्याने कडब्याचा घरचा पुरवठा घटला असून सोयाबीन व तुरीच्या कुटारावर आणि सरकीच्या ढेपेवर जनावरांची भिस्त वाढली आहे.

जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. अधिक दूध देणाऱ्या गाईंचे अनुदानावर वाटप हा त्याचा एक भाग होता. चारा-पाण्याचा खर्च न पेलल्यामुळे ही गाय काही कुटुंबांना ओझे ठरल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी आपल्या वृत्तांतांतून निदर्शनास आणले. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला राज्य शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. त्यात या दोन्ही विभागांतील १९ जिल्ह्यांचा समावेश असून अनुदानावर दुधाळ जनावरे देणे हा त्यातही एक घटक आहे.

जास्त दूध देणारी गाय जास्त खाते आणि म्हणून तिच्या शरीरात उष्णताही जास्त निर्माण होते. जी क्षमता तिला मौल्यवान बनवते, तीच तिला उन्हाळ्यात असुरक्षित करते. याउलट वर्धा-नागपूर भागातील गवळाऊसारख्या देशी जातींचा चयापचय तुलनेने मंद असतो आणि घामावाटे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता चांगली असते. मात्र त्यांचे दूध कमी असते. त्यामुळे केवळ जनावराची दूधक्षमता पाहून केलेले वाटप पुरेसे ठरत नाही. त्या जनावराला सावली, पाणी आणि वैरण कोठून मिळणार, हा प्रश्न आधी सुटावा लागतो.

== उपाय आणि त्यांच्या मर्यादा ==

सर्वांत परिणामकारक उपाय साधे आहेत: दाट सावली, उंच व हवेशीर गोठा आणि सतत उपलब्ध असलेले थंड पाणी. दुभत्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला सुमारे ६० ते १०० लिटर पाणी लागू शकते. ज्या गावात माणसांसाठी टँकर येतो, तेथे ही अट सोपी नाही. अंगावर पाणी शिंपडून पंखा लावणे कोरड्या हवेत उपयुक्त ठरते. दमट हवेत पंखा नसेल तर शिंपडलेले पाणी लवकर सुकत नाही आणि गारवा मिळत नाही. विजेचा खंड हा आणखी एक अडथळा असतो.

आहारात पहाटे व सायंकाळनंतर वैरण देणे, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खाण्याचा सोडा व खनिज मिश्रण देणे हे उपाय सुचवले जातात. वाळलेल्या निकृष्ट वैरणीच्या पचनात अधिक उष्णता निर्माण होते, म्हणून हिरवा चारा श्रेयस्कर असतो. दूध घटल्यावर ते भरून काढण्यासाठी धान्याचा भरडा व खुराक एकदम वाढवणे ही नेहमी होणारी चूक होय. त्यामुळे कोठीपोटातील आम्लता आणखी वाढते आणि ज्या जिवाणूंवर पचन अवलंबून आहे, तेच आणखी क्षीण होतात. घटलेले दूध हे अशा वेळी गाईच्या भुकेपेक्षा तिच्या तापलेल्या शरीराचे लक्षण असते. म्हणून गव्हाणीतील खुराक वाढवण्याआधी गोठ्यातील उष्णता कमी करणे आवश्यक ठरते.