कौल मतांचा आणि कौल जागांचा

१९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक लोकांची मते गोळा करून रूझवेल्ट यांचा पराभव वर्तवला. ते ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. नमुना प्रचंड, पण एकांगी होता.

आपल्याकडे खरी अडचण, माझ्या मते, मतांवरून जागा ताडण्यात आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांतील अंतर एक टक्क्याहूनही कमी. जागा मात्र ३० आणि १७! त्यातही, भाट्ये गाव ज्या मतदारसंघात येते त्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाने राज्याच्या वाऱ्याविरुद्ध महायुतीच्या नारायण राणे यांना निवडले. (कोकणी मतदाराच्या मनातले ग्रामदेवतेलाच कौल लावून विचारावे!) सहा महिन्यांच्या आत विधानसभेत महायुतीने २८८ पैकी २३० जागा मिळवल्या. बहुतेक चाचण्यांना बहुमत दिसले होते, हा आकडा नव्हे.