चार शहाण्यांचा निवाडा

नागपूरच्या इतवारी बाजारात उधारीचा वाद सहसा कोर्टापर्यंत जात नाही. पैसे थकले की आधी दलाल मध्ये पडतो, मग दुकानांच्या ओळीतले दोन-चार जुने व्यापारी. सराफा ओळ असो की भांडे ओळ, रीत एकच. वही उघडते, थोडी सूट, थोडे हप्ते ठरतात आणि शक्यतो लक्ष्मीपूजनाच्या आत खाते मिटते. या निवाड्यामागे पोलीस नसतो, बाजारातली पत असते. शब्द मोडणाऱ्याला पुढच्या हंगामात उधार माल मिळत नाही.

कायद्यालाही अशी तडजोड परकी नाही. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा आहे, त्यावर अपील नाही. २०२३च्या मध्यस्थता कायद्यात वस्तीतल्या वादांसाठी तीन मध्यस्थांची तरतूद आहे. मात्र त्यांच्या समझोत्याला हुकूमनाम्याचे बळ नाही. ते योग्यच आहे, कारण शेजाऱ्यांच्या भिडेखाली दिलेला होकार जप्तीपर्यंत जाऊ नये.

खटकतो तो मात्र ‘समाजातच मिटवा’ हा सरसकट सल्ला. ओळीतला निवाडा न पटलेल्या व्यापाऱ्याला सिव्हिल लाइन्सचे कोर्ट मोकळे असते, दुसरा दलालही मिळतो. जातपंचायतीपुढे उभ्या केलेल्या मुलीला ही मोकळीक नसते. तिने नकार दिला तर घरचे लग्न अडते, मयतीला खांदेकरी मिळत नाहीत. ज्याच्यापुढून उठून जाता येत नाही, तो पंच नव्हे. बहिष्काराविरुद्धचा मुंबई राज्याचा १९४९चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्राने नवा कायदा केला तो २०१६ मध्ये. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही आहेत. मधल्या काळात वाळीत पडलेल्यांना कायद्याने काय दिले?

लोकांनीच निवाडा करण्याचे दुसरे टोकही नागपूरचेच, १३ ऑगस्ट २००४चे. जिल्हा न्यायालयात, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या, कस्तुरबानगर वस्तीतल्या गुंड अक्कू यादवला जमावाने ठार केले. त्याच्या अत्याचारांच्या तक्रारी पोलिसांनी ऐकल्याच नाहीत, असे कस्तुरबानगरच्या स्त्रियांचे म्हणणे होते. २०१४ मध्ये या हत्येचे आरोपी पुराव्याअभावी सुटले. तिथे पंच नव्हते, दुसरी बाजू ऐकणे नव्हते. उरला होता तो दाद न मिळालेल्या वस्तीचा संताप. त्या हत्येला जनतेचा न्याय म्हणून गौरवणाऱ्यांनी आधी त्या न ऐकलेल्या तक्रारींचा जाब पोलीस ठाण्याला विचारायला हवा होता.