खाजगी म्हणजे खाजगी

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. शनिवार आहे, कुणाला ऑफिस गाठायचं नाही, तेव्हा वेळही बरी आहे.

विषय पीएचपीमधलं रिफ्लेक्शन. ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चालू प्रोग्रामलाच विचारायचं की बाबा रे, या क्लासचा बाप कोण, त्यात मेथड किती, कुठली पब्लिक, कुठली प्रायव्हेट, ही मेथड कुठल्या फाईलमध्ये कितव्या ओळीपासून कितव्या ओळीपर्यंत आहे. पीएचपी ५ बरोबर, म्हणजे २००४ साली ही सोय आली. दोन दशकं उलटून गेली तरी आपल्या लोकांचं तिच्याशी वागणं उफराटंच आहे. नुसतं बघायचं असतं तिथे घाबरतात, आणि कुलूप फोडायचं असतं तिथे बिनधास्त पुढे!

आधी बघण्याचं बोलू. जुन्या प्रोजेक्टवर नवीन पोरगा आला की त्याच्या हातात एक वर्ड फाईल ठेवतात. त्यात क्लासची सुंदर आकृती असते, आणि आकृतीतले निम्मे क्लास कधीच स्वर्गवासी झालेले असतात. मग तो बिचारा सीनियरच्या मागे चहाच्या टपरीपर्यंत फिरतो. अरे, कोडलाच का नाही विचारत? पंचवीस-तीस ओळींची स्क्रिप्ट पुरते. दोनशे ओळींच्या वरच्या मेथड काढा, आठ-आठ पॅरामीटर घेणारे कन्स्ट्रक्टर काढा. आणि खरी गंमत वारशाची. रिफ्लेक्शन मेथडची यादी देतं त्यात वाडवडिलांकडून आलेल्या मेथडही असतात, पण प्रत्येकीला तिचा मूळ क्लास विचारता येतो. बिलाच्या क्लासमधला टॅक्सचा हिशोब खरं तर आजोबांच्या क्लासमध्ये लिहिलाय हे एका ओळीत कळतं. मेथड ट्रेटमधून आली असेल (ट्रेट २०१२ साली ५.४ मध्ये आले) तर मालक म्हणून ट्रेट वापरणाऱ्या क्लासचंच नाव येतं, पण फाईलचं नाव विचारलं की ट्रेटची फाईल सापडते. वर्ड फाईलमध्ये हे कोण लिहिणार?

मर्यादा आहेतच. मेथडच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही, त्याला पार्सर लागतो. जादूच्या 'कॉल' मेथडमधून चालणारा कारभार यादीत येत नाही. शिवाय क्लास आधी लोड करावा लागतो, आणि काही जुन्या फाईल लोड होता होताच डेटाबेसला जाऊन भिडतात. तेव्हा हा प्रयोग आपल्या मशीनवर करा, लाइव्ह सर्व्हरवर नको. "पण रिफ्लेक्शन स्लो असतं ना?" असेल हो! स्क्रिप्ट महिन्यातून एकदा तुमच्या टेबलावर चालणार, तिथे कुठला ग्राहक रांगेत उभा आहे?

हेच स्लोवाले लोक टेस्ट लिहायला बसले की बघा. प्रायव्हेट मेथड दिसली रे दिसली की रिफ्लेक्शनने उघडून थेट आत. पूर्वी त्याआधी 'सेट ॲक्सेसिबल' म्हणून परवानगी घेण्याचं नाटक तरी करावं लागायचं. २०२१ च्या ८.१ पासून तेही गेलं. मी भाषेला दोष देत नाही. प्रायव्हेट म्हणजे तिजोरी नव्हे, तो माणसांनी माणसांना दिलेला शब्द आहे: बाहेरचं वागणं सांभाळून आतलं मी केव्हाही बदलीन. टेस्टने आतल्या मेथडचं नाव भिंतीला ठोकलं की तो शब्द गेला.

समजा बिलाच्या क्लासमध्ये पैसे राउंड करणारी प्रायव्हेट मेथड आहे आणि कुणी शहाण्या माणसाने तिच्या जागी नीट नावांच्या दोन मेथड केल्या. बिल पैशाला पैसा तेच येतंय. तरी चाळीस टेस्ट लाल! डेडलाईन डोक्यावर, तो बदल मागे घेतो. वर मीटिंगमध्ये सांगतात, टेस्टनी वाचवलं. आणि उलट, पब्लिक मेथडने ती राउंडिंगची मेथड बोलावणंच सोडून दिलं, तर बिल चुकतं आणि तिची टेस्ट मात्र हिरवीगार. कव्हरेजचा आकडा वर पाठवायचा असतो म्हणून हे चालतं, दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

"आतलं लॉजिक फार किचकट आहे हो, टेस्ट नको का?" हवी ना! इतकं किचकट असेल तर त्याला स्वतःचं घर द्या: वेगळा क्लास, धड नाव, पब्लिक मेथड. एक सूट मी देतो. अजिबात टेस्ट नसलेला जुना राक्षस फोडायला घेतलात तर तेवढ्यापुरत्या अशा टेस्ट लावा, आणि काम झालं की त्याच आठवड्यात उडवा. 'नंतर बघू' म्हणालात की त्या तुमच्या रिटायरमेंटपर्यंत राहतात.

सोमवारी टेस्टच्या फोल्डरमध्ये 'रिफ्लेक्शन मेथड' शोधून बघा किती निघतात ते. या शोधाला मात्र रिफ्लेक्शन कामाचं नाही, त्याला पोटातलं दिसत नाही. साधा ग्रेप मारा.