शर्यत संपल्यावर बैलाने काय खाल्ले?

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतीचा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. मे २०१४ च्या निकालाने बंद पडलेली शर्यत डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगीवर सुरू झाली होती. घटनापीठाच्या निकालाने तिच्यावरची टांगती तलवार उतरली. गावोगाव गुलाल उधळला गेला आणि तो आनंद खरा होता. पण बैलाच्या काळजीचे म्हणून जे नियम दाखवून आपण ही शर्यत परत मिळवली, ते जवळजवळ सगळे धावपट्टीपुरते आहेत. गाडा सुटण्याआधीचा आणि धावतानाचा बैल त्यांत आहे. धावून आलेला, धापणारा, वैरणीला तोंड न लावणारा बैल त्यांत फारसा दिसत नाही. मैदानावरची सावली, पाणी, वैरण आणि शर्यतीनंतरची तपासणी यांनाही परवानगीच्या अटींत जागा मिळाली पाहिजे, एवढ्यासाठी हे मुद्दे मांडतो आहे.

१. नियम कुठवर पोचतात

२०१७ च्या नियमांनुसार धाव १,००० मीटरपेक्षा लांब असू नये, बैलाला आधी निदान २० मिनिटे विश्रांती द्यावी आणि एका दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पळवू नये. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना बंदी आहे, पशुवैद्यकाचा दाखला लागतो. कायदा मोडल्यास ५ लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे सगळे योग्यच आहे.

आता सातारा-सांगलीकडच्या एखाद्या मोठ्या मैदानाचा दिवस बघा. गट, मग सेमी फायनल, मग फायनल. म्हणजे चांगला बैल तीनच्या तीन फेऱ्या एकाच दिवसात पळतो. किमान म्हणून लिहिलेली २० मिनिटे गर्दीच्या मैदानावर पुरेशी मानली जातात. फायनल झाली की बैल टेम्पोत चढतो आणि दोन दिवसांनी दुसऱ्या तालुक्यातल्या मैदानावर उतरतो. मधल्या काळात तो जेवला का, रवंथ केली का, हे विचारायला कुणीही बांधील नाही.

२. पहिला फटका पोटाला बसतो

बैलाचे पोट चार कप्प्यांचे. त्यातल्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोटीपोटात, असंख्य सूक्ष्मजीव वैरण आंबवतात आणि त्यातून बैलाला ताकद मिळते. बैलाला खायला घालायचे म्हणजे आधी या सूक्ष्मजीवांना जगवायचे. निरोगी बैलाचे कोटीपोट मिनिटाला एक-दोनदा हलते. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागावर, मूठ दाबून धरली तर ती हालचाल हाताला कळते. दिवसातले सहा ते आठ तास तो रवंथ करतो, आणि रवंथ करताना सुटणाऱ्या लाळेत निसर्गतः सोड्यासारखा क्षार असतो. पोटातला आंबटपणा काबूत राहतो तो या लाळेमुळे.

टेम्पोतले हेलकावे, अनोळखी बैल, कर्णे, हलगी, अंगावर येणारी गर्दी आणि मग जीव तोडून धावणे. यातून अंगात ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल वाढते. रक्त पोटाकडून पायांच्या स्नायूंकडे वळते, कोटीपोट मंदावते, रवंथ थांबते. बैलाला घोड्यासारखा भरपूर घाम येत नाही, त्यामुळे अंगातली बरीच उष्णता त्याला धापेतून बाहेर टाकावी लागते. पोटात वैरण आंबतानाही उष्णता तयार होते, म्हणून तापलेले शरीर स्वतःहून भूक मारते. पुढ्यातली पाटी तशीच ठेवणारा बैल नखरे करतो असे म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यावे. त्या घडीला न खाणे हा त्याच्या शरीराचा बचाव आहे, आणि आधी थंडावा दिल्याशिवाय तो संपत नाही.

३. टेम्पोजवळ काय चालते

दुपारी चारच्या सुमारास मैदानाच्या कडेला लागलेल्या टेम्पोंच्या रांगेतून एकदा फिरून या. चाकाला बांधलेला खिलार बैल, अंगावर अजून गुलाल, नाकपुडी कोरडी, बरगड्या भात्यासारख्या वरखाली होताहेत. पुढ्यात कडब्याची पेंडी जशीच्या तशी. एकजण वेसण धरून तोंड वर करतो, दुसरा बांबूच्या नळीने कच्ची अंडी, दूध, तूप घशात ओततो. तिसऱ्याच्या हातात कणकेचे गोळे असतात. यातल्या कुणाच्याही मायेबद्दल मला शंका नाही. घरात पोरांना जे मिळत नाही ते हे लोक बैलाला घालतात. पण या मायेनेच बैलाचा घात होतो, आणि हे स्पष्ट बोललेच पाहिजे.

धापणाऱ्या जनावराचे तोंड वर करून पाजले की पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातो. त्यातून फुफ्फुसाला सूज येते आणि चांगला बैल चार दिवसांत हातचा जाऊ शकतो. वासरू दूध पिते तेव्हा ते अन्ननलिकेच्या टोकाच्या खोबणीतून कोटीपोट टाळून पुढे जाते. मोठ्या बैलात ही सोय उरलेली नसते. दूध थेट कोटीपोटात पडते आणि तिथे आंबते. तुपातेलाचे प्रमाण वाढले की वैरणीतला तंतुमय भाग पचवणारे सूक्ष्मजीव दबतात.

सर्वांत मोठा धोका कणकेचा. हालचाल मंदावलेल्या पोटात पिष्टमय धान्याचा मोठा ढीग पडला की लॅक्टिक आम्ल झपाट्याने वाढते. कोटीपोटाचा सामू एरवी सहा ते सातच्या दरम्यान असतो. तो साडेपाचच्या खाली उतरला की उपयोगी सूक्ष्मजीव मरू लागतात, भूक आणखी मरते, शेण पातळ आणि आंबट वासाचे होते. याच आम्लामुळे पुढे खुरांच्या आत सूज येते. ज्याच्या खुरांवर सगळी शर्यत उभी आहे, त्याची खुरे आपण खुराकानेच बिघडवतो. नेहमीचे धान्यसुद्धा दोन-तीन आठवड्यांत थोडेथोडे वाढवत न्यायचे असते. ते शर्यतीच्या संध्याकाळी एकदम दुप्पट करणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे.

४. मग द्यायचे काय

आधी सावली आणि अंगावर पाणी, तेही पुन्हापुन्हा. तापलेल्या बैलाला पाणी पाजायचेच नाही ही समजूत सोडावी. थोडेथोडे करून लगेच द्यावे आणि धाप बसली की हवे तेवढे पिऊ द्यावे. पाण्यात चिमूटभर मीठ आणि थोडा गूळ चालतो, पण साध्या पाण्याची बादली वेगळी हवीच. बाहेरगावच्या पाण्याला काही बैल तोंड लावत नाहीत, म्हणून घरचे पाणी पिंपात भरून आणणारे मालक शहाणे.

मग घरचाच कडबा. मैदानावर विकत मिळणारी, त्याच्या सवयीची नसलेली वैरण नको. रवंथ सुरू झाल्यावर रोजच्या मापातच भरडा किंवा पेंड द्यावी. खनिज मिश्रण आणि चाटण वीट वर्षभर द्यायची असते, शर्यतीच्या आदल्या रात्री दिल्याने काही साधत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रवंथ नसेल तर भूक वाढवणाऱ्या पावडरी शोधण्यात वेळ घालवू नये. पशुवैद्यकाला बोलवावे, १९६२ या क्रमांकावर फोन करावा. निरोगी जनावराच्या कोटीपोटातला द्रव देऊन बंद पडलेले पोट चालू करण्याचा उपचार पशुवैद्यक करतात. पण त्यासाठी वेळेत हाक मारली पाहिजे.

वैरण-पाण्याइतकीच सोबतही महत्त्वाची. पैऱ्याने, म्हणजे दुसऱ्या मालकाच्या बैलाबरोबर, जुंपलेला बैल मैदानावर तसाही परक्यांतच असतो. त्याच्या गोठ्यातला सोबती किंवा रोज वैरण घालणारा माणूस जवळ असला की तो लवकर शांत होतो आणि लवकर खातो.

५. ऊन आणि आवाज

यात्रा चैत्र-वैशाखात असतात, तिथी बदलता येत नाही. घड्याळ मात्र बदलता येते. सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत एकही गट सोडू नये. गट जास्त असतील तर मैदान दोन दिवसांचे करावे किंवा नोंदणीला मर्यादा घालावी. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेसारखी थंडीतली मैदाने बैलाला सोसतात, एप्रिलमधली सोसत नाहीत, हा फरक परवानगी देणाऱ्याला दिसायला हवा.

माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, गाई-बैलांना त्याच्याही बऱ्याच वरचा. म्हणून बैल बांधायच्या जागेकडे कर्ण्याचे तोंड नको.

६. घोड्यांच्या शर्यतीकडून घेण्यासारखे

लांब पल्ल्याच्या घोडदौडीत, ज्याला एंड्युरन्स म्हणतात, आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचा नियम असा आहे: प्रत्येक टप्प्यानंतर घोडा पशुवैद्यकापुढे उभा राहतो. ठरलेल्या मिनिटांत त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६४ पर्यंत उतरले पाहिजेत. शरीरातले पाणी तपासतात, चाल बघतात आणि कान लावून आतड्यांचा आवाज ऐकतात. पोट गप्प असेल तर तीही धोक्याची खूण धरतात. शेवटची रेषा सर्वांत आधी ओलांडलेला घोडासुद्धा या तपासणीत अडला तर बाद होतो. शिवाय उत्तम स्थितीत राहिलेल्या घोड्यासाठी अनेक स्पर्धांत वेगळे बक्षीस असते.

आपल्याकडे फायनलनंतर तासाभराने हीच तपासणी का होऊ नये? बैलाचे ठोके, श्वास, अंगाचे तापमान आणि भकाळीतली हालचाल बघून मगच निकाल जाहीर व्हावा. बैलासाठी ६४ हा आकडा जसाच्या तसा चालणार नाही, वेगळे निकष लागतील. साताऱ्याच्या पट्ट्यातच शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, शिवाय राज्यात पशुविज्ञान विद्यापीठही आहे. धावणाऱ्या खिलाराचे ठोके किती मिनिटांत खाली यावेत आणि रवंथ किती तासांत सुरू व्हावी, हे त्यांनी मैदानावर मोजून ठरवून द्यावे. आणि उत्तम सावरलेल्या बैलाला निशाण मिळावे, वाजतगाजत मिळावे. ज्याला मान मिळतो ते गाव शिकते.

७. दोन मैदानांमधले अंतर

प्रवासात आणि मैदानावर बैलाचे जे वजन उतरते, त्यातला मोठा भाग पोटातल्या वैरणीचा आणि पाण्याचा असतो. तो भरून निघायला दिवस लागतात. जनावरांच्या कानात आता १२ अंकी बिल्ले आहेत. मैदानावर नोंदणी करतानाच बिल्ल्याचा क्रमांक, फेऱ्या आणि नंतरच्या तपासणीचा निकाल लिहिला तर बैल कालच दुसरीकडे पळाला का, हे पुढच्या समितीला दोन मिनिटांत कळेल. दोन मैदानांत किमान किती दिवस हवेत, हेही तज्ज्ञांनी सांगावे. हे जमणार नाही असे कुणी म्हणू नये. २०२२ मध्ये लंपी त्वचारोगाच्या साथीत राज्याने जनावरांची वाहतूक, बाजार आणि शर्यती थांबवून दाखवल्या होत्या.

८. खर्चाचा आक्षेप

समित्या म्हणतील, एवढे करायला पैसा कुठून आणायचा? पहिल्या बक्षिसाला ट्रॅक्टर आणि चारचाकी ठेवणाऱ्या मैदानांना शेडनेट, पाण्याचे दोन टँकर आणि एका जादा पशुवैद्यकाचे मानधन जड जाऊ नये. छोट्या गावच्या यात्रेला खरोखर जड जाईल. तिथे पशुसंवर्धन विभागाने फिरते पथक त्या दिवसापुरते उभे करावे, आणि गावाने गटांची संख्या बेताची ठेवावी.

९. मागणी कुणाकडे

परवानगी जिल्हाधिकारी देतात. तेव्हा अर्जाच्या नमुन्यातच या बाबी याव्यात: बैल बांधण्याच्या जागेचा सावलीसह नकाशा, दर बैलामागे पाण्याची सोय, दुपारच्या बंद वेळा, दोन फेऱ्यांमधला पशुवैद्यकाने ठरवलेला अवधी, शर्यतीनंतरच्या तपासणीची नोंदवही आणि जबरदस्तीने पाजण्यावर स्पष्ट बंदी. यासाठी नवा कायदा लागत नाही. पशुसंवर्धन विभागाने मार्गदर्शक सूचना काढाव्यात आणि गाडामालकांच्या संघटनांनी त्या स्वतःहून मागून घ्याव्यात. चैत्रातल्या यात्रांचे अर्ज यायला लागण्याआधी हा नमुना बदललेला असावा.