काहीही न घेता बसा!

‘मॅडम, अजून काही?’

फ्रीलान्स पत्रकार झाल्यापासून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य. माझं ऑफिस म्हणजे कॉफी शॉपमधलं कोपऱ्यातलं टेबल आणि त्याचं भाडं म्हणजे दर दीड तासाला एक कापुचिनो! पाकीट न काढता दिवसभर बसता येईल अशी एखादी जागा सांगा बरं शहरात.

म्हणूनच सिएटलच्या मैत्रिणीचा मला चक्क हेवा वाटला. खरं तर तिची नोकरी गेली होती. व्हिसाच्या नियमानुसार हातात फक्त ६० दिवस. अजून घरी कळवलेलं नव्हतं. मग रोज सकाळी लॅपटॉप उचलून ही निघायची, तिथल्या सेंट्रल लायब्ररीत.

काच आणि पोलादाच्या जाळीची ही ११ मजली इमारत २००४ मध्ये उघडली. लांबून पाहिलं तर कुणीतरी खोके रचताना धक्का दिल्यासारखी दिसते. आर्किटेक्ट रेम कूलहास आणि जोशुआ प्रिन्स-रामुस. पण खरी गंमत आत आहे.

नेहमीच्या लायब्ररीत पुस्तकं वाढली, की जास्तीची रवाना होतात तळघरात. इथे सहाव्या ते नवव्या मजल्यापर्यंत सगळी कपाटं एकाच सलग उतारावर आहेत. मॉलच्या पार्किंगचा रॅम्प असतो ना, तसा, फक्त अगदी हलका. विषयांचे क्रमांक जमिनीवरच्या मॅटवरच लिहिलेले. एखादा विषय फुगला तर बाकीचे जरा सरकून घेतात. हकालपट्टी कुणाचीच नाही! आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला शेवटचा हेच सांगतो, की ग्रंथालय वाढत राहतं. इथे तो नियम काँक्रीटमध्ये ओतलाय.

सगळंच गोड आहे असं नाही हं. भडक पिवळे एस्केलेटर झोकात वर नेतात, पण उतरायची वाट सहज सापडत नाही, अशी टीका या इमारतीवर भरपूर झाली.

मैत्रिणीची जागा दहाव्या मजल्यावरच्या वाचनकक्षात. डोक्यावर तिरक्या काचांचं छत, उंच इमारतींच्या फटीतून दिसणारं खाडीचं पाणी. ‘काय घेणार, असं एकदाही कुणी विचारलं नाही,’ ती फोनवर म्हणाली. ‘नोकरी नसली ना, तरी सकाळी कुठेतरी जायचं असतं गं.’

बावन्नाव्या दिवशी तिला ऑफर आली.

ही इमारत कुण्या कुबेराची कृपा नाही बरं का. १९९८ मध्ये सिएटलकरांनी मतदान करून शहरातल्या लायब्रऱ्यांसाठी १९ कोटी ६४ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना होकार दिला. त्यातूनच ही उभी राहिली. आपण फ्लायओव्हर मागतो, पार्किंग मागतो, मॉल आला की खूश होतो. नुसतं बसायला, वाचायला जागा द्या, असं आपण कधी मागितलंय?

हे लिहीपर्यंत माझी तिसरी कापुचिनो संपली. आलाच तो.

‘मॅडम, अजून काही?’

हो. एक लायब्ररी मिळेल?