गल्ल्यावरचे अब्बा

रमजानमध्ये असरची नमाज झाली की आमच्या मोहल्ल्यातल्या किराणा दुकानावर झुंबड उडते. कुणाला खजूर, कुणाला बेसन, कुणाला सरबताची बाटली. मगरिबच्या अजानला पाच मिनिटं उरली असताना एखादं पोर 'अम्मीने खाने का सोडा मंगाया' म्हणत धावत येतं. दिवसभर रोजा धरून उभा असलेला दुकानदार त्याच्यावर असा काही खेकसतो की विचारू नका. जिभेचाही रोजा असतो हे लगेच आठवतं, मग तो पुटपुटतो, 'तौबा तौबा', आणि पुडी बांधून देतो. पैसे वहीत.

मालिकेत शोभेल असा हा प्रसंग. पण हा दुकानदार मला आपल्या पडद्यावर क्वचितच भेटतो. त्याच्यासारखा एकजण भेटला तो थेट कॅनडात, 'किम्स कन्व्हिनियन्स' या मालिकेत.

टोरंटोच्या मॉस पार्क वस्तीतलं छोटंसं दुकान, कोरियाहून आलेलं किम कुटुंब. वडिलांना घरात 'अप्पा' म्हणतात, आईला 'उम्मा'. अप्पा हट्टी आहेत, आपलंच खरं करणारे आहेत. मुलगा जंग तरुणपणीच घर सोडून गेलाय, बापलेकांत अबोला आहे, आणि उम्मा लपूनछपून त्याला भेटते. इन्स चोई यांनी आधी हे नाटक लिहिलं. 2011 मध्ये टोरंटोच्या फ्रिंज महोत्सवात ते झालं, तेव्हा जंगची भूमिका त्यांनी स्वतःच केली होती. नाटकातल्या अप्पांचा जपानी गाड्यांवर राग आहे. जपानने कोरियावर 1910 ते 1945 राज्य केलं, त्याचा हिशेब ते दुकानाबाहेर चुकीच्या जागी उभ्या केलेल्या जपानी गाडीशी चुकता करू पाहतात! 2016 ते 2021 या काळात मालिकेचे पाच हंगाम झाले. किम कुटुंब चर्चला जातं, आणि तिथेही उम्माची इतर बायकांशी चढाओढ चालते. ही माणसं श्रद्धाळू आहेत, साधुसंत नाहीत.

हे सांगायला कारण घडलं. आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने एकांकिका लिहून आणली. विषय, वडिलांचं दुकान. त्यातले अब्बा हरवलेलं पाकीट परत करतात, उपाशी माणसाला जेवू घालतात, दंगलीत शेजाऱ्याचा जीव वाचवतात. मी विचारलं, ''तुझे अब्बा असे आहेत का रे?'' तो हसला. ''नाही मॅडम. अब्बा सुट्ट्या पैशांवरून रोजच्या गिऱ्हाइकांशी भांडतात. जुनं कॅलेंडर फाडून त्याच्या पुड्या बांधतात. अम्मी झोपली की गुपचूप मिठाई खातात, शुगर असून.''

''मग हे का नाही लिहिलंस?''

''लोक काय म्हणतील, मॅडम? आधीच...''

वाक्य त्याने तिथेच सोडलं. पुढचं मला ठाऊक होतं. पडद्यावर आपण एक तर खलनायक असतो, नाही तर नायकासाठी जीव देणारा भला मित्र. पहिल्याच्या भीतीने आपण स्वतःच दुसरा रंगवत बसतो. पण सतत चांगलं दिसण्याची सक्ती ही सुद्धा शिक्षाच आहे. शेजारी ज्याच्या खोडीवर मोकळेपणाने हसतो, तोच माणूस त्याला आपला वाटतो. भल्या माणसाला लोक लांबून सलाम करतात.

मात्र हसवायचं कुणी, हाही प्रश्न आहे. किम मालिका संपल्यावर जंग झालेले सिमू लिउ आणि उम्मा झालेल्या जीन यून या दोघांनीही जाहीरपणे तक्रार केली की लेखकांच्या चमूत आशियाई माणसं फार कमी होती. पडद्यावर घर कोरियन, पण त्या घराच्या गोष्टी ठरवताना त्या घरातली माणसं पुरेशी नाहीत. इतक्या गोड मालिकेचा शेवट असा कडवट झाला. बाहेरच्याने आपल्या बोलण्याच्या ढंगाची केलेली नक्कल आणि घरच्याने काढलेली खोडी यात फरक असतो. तो कान असणाऱ्यालाच कळतो.

म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, तूच लिही, आणि खरं लिही. पुढच्या आठवड्यात त्याने नवा खर्डा आणला. त्यात पाकीट नव्हतं, दंगल नव्हती. मिठाई होती, कॅलेंडरच्या पुड्या होत्या आणि अजानच्या आधी सोडा मागणारं पोर होतं. तालमीला वर्गातली सगळी मुलं पोट धरून हसली. प्रत्येकाला त्यात आपल्या गल्लीतला दुकानदार दिसत होता.

''अब्बांना वाचून दाखवलंस?''

''दाखवलं. म्हणाले, बाकी सब ठीक है, पण मिठाईचं अम्मीला कळता कामा नये.''

प्रयोगाला अम्मी पहिल्या रांगेत बसणार आहेत.