मुक्काम पायथ्याला

जुलैतल्या रविवारी कल्याण–नगर रस्त्यावर मुरबाड मागं पडलं की गाड्यांची रांग आपल्याला सोबत घेऊनच पुढं सरकते. सरळगाव गेलं, टोकावडे गेलं, मोरोशीला भैरवगडाची ताशीव भिंत ढगातून डोकावली, तरी कुणाचा पाय ब्रेकवर जात नाही. सगळ्यांना माळशेज घाट गाठायचा असतो. आणि घाटात, जिथं खरं तर थांबू नये, तिथं सगळे थांबतात. वळणावर गाडी आडवी लावायची, रस्त्यालगतच्या धबधब्यात भिजायचं, धुक्यात मागून येणाऱ्या एसटीच्या चालकानं कर्णा वाजवला की त्याच्यावरच डोळे वटारायचे. मग एखादी दरड येते, एखादा पोरगा पाय घसरून जातो, आणि पाठोपाठ धबधब्यांवरचा मनाई हुकूम निघतो. दर पावसाळ्यात हेच.

बंदीची गरज मी नाकारत नाही. पण माणसं थांबणारच असतील, तर त्यांना थांबायला जागा कुठं आहे, हे कुणी तरी सांगायला हवं. याच डोंगररांगेत हा विचार दोन हजार वर्षांपूर्वी झालेला आहे. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून चढणारा नाणेघाट ही सोपारा–कल्याण बंदरांकडून जुन्नर–पैठणकडं जाणारी व्यापारी वाट. तिच्या माथ्यावर सातवाहनांनी लेणं खोदलं. राणी नागणिकेचा शिलालेख त्यातच आहे. अभ्यासक त्यातली यज्ञांची नि दक्षिणेची यादी वाचतात, आम्ही भटके बाहेरची पाण्याची टाकी पाहतो. दमलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर आणि प्यायला पाणी एवढंच लागतं. वाटेवर जकात घ्यायची तर वाटसरूची सोयही करायची, हा हिशेब त्या राज्यकर्त्यांना कळत होता. आपण घाटरस्ता रुंद केला नि थांबा विसरलो.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. घाट गाडीतून पाहावा, मुक्काम पायथ्याला करावा. पायथ्याची गावं काही कमी नाहीत. नाणेघाटासाठी वैशाखरे, भैरवगडासाठी मोरोशी, गोरखगडासाठी देहरी. गोरखगडाच्या कातळात प्रशस्त गुहा आहे, टाक्यांत पाणी आहे. पावसात मात्र तिथल्या खोदीव पायऱ्यांच्या नादी लागू नये, दिवाळीनंतर जावं. तिकडं शहापूर तालुक्यात आसनगाव स्टेशनला लोकलनं उतरलं की माहुलीचे भटोबा, नवरा, नवरी हे सुळके समोरच उभे असतात. 1636 साली शहाजीराजांना मोगल–आदिलशाही फौजांनी याच गडावर वेढलं होतं. डोळखांबच्या पुढं डेहणे आणि त्यावर आजा पर्वत. सीतामाई इथं राहिली, लव-कुशांचा पाळणा इथंच हलला, असं गावकरी सांगतात.

या गावांतल्या ठाकर, महादेव कोळी, कातकरी पाड्यांवर पडवीत जागा मिळते. तांदळाची भाकरी मिळते. जूनमध्ये गेलात तर काकडं घालून केलेली शेवळांची भाजी मिळते; ती शहरात कुणी नीट करून वाढत नाही. उघड्यावर राहणं या मुलखाला नवं नाही. पौष पौर्णिमेपासून मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत बैलांचे व्यापारी नि घोंगडीवाले माळावर पालं ठोकून थंडीत दिवस काढतात. चूल आपली, पाणी गावचं, आणि उठताना जागा मोकळी.

हल्लीच्या ‘कॅम्पिंग’चं गणित उलटं आहे. तंबू शहरातून, जेवण शहरातून, स्पीकरही शहरातून. गावाला मिळतं जमिनीचं थोडं भाडं आणि सोमवारी उचलायला बाटल्या. जो पैसा घाटातून वर चाललाय, त्यातले चार आणे तरी पायथ्याला उतरावेत की नाही?

दोन गोष्टी मुक्काम करणाऱ्यानं ध्यानात ठेवाव्यात. पहिली, रान मोकळं नाही. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेजात सोडला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय त्याच्या मागावर होत्या. म्हाताऱ्या दिसणाऱ्या या ‘आजोबा’नं कसाऱ्याकडचा आग्रा महामार्ग आणि रेल्वे ओलांडून थेट मुंबईचं राष्ट्रीय उद्यान गाठलं. साधारण 120 किलोमीटरची वाट, आणि माणसाला इजा नाही. त्याच्यावर पुढं मराठी सिनेमा निघाला. तो स्वतः 2011 मध्ये महामार्गावर गाडीखाली गेला. आपण जिथं रात्री गाणी लावतो, तिथून असं कुणी तरी गुपचूप जात असतं.

दुसरी, पाणी. तानसा 1892 पासून मुंबईची तहान भागवतंय. पुढं मोडकसागर आणि भातसाही आले. धरणं शहापूरच्या अंगणात, नळ मुंबईत, आणि उन्हाळ्यात शहापूरच्याच पाड्यांवर टँकरची वाट. धरणाकाठी तंबू ठोकून जलाशयात खरकटी ताटं विसळणाऱ्यानं एवढंच आठवावं की सोमवारी हेच पाणी त्याच्या नळाला येणार आहे. पाड्यावरच्या बाईकडून हंडाभर पाणी घेतलंत, तर त्याचे पैसे द्या. तिनं ते डोक्यावरून आणलेलं असतं.

माळशेजला काचेच्या प्रेक्षादालनाच्या योजनेची चर्चा आहे. ते व्हायचं तेव्हा होईल. त्याआधी टोकावडे ते मोरोशी या पट्ट्यात गाड्या लावायला दोन सपाट जागा, बायकांना जाता येईल अशी स्वच्छतागृहं, कचऱ्याची सोय आणि हे सगळं चालवायचा हक्क त्या त्या गावच्या वन समितीला, एवढं या पावसाळ्याआधी करता येईल. याला काच लागत नाही.